बाशी काबासो दोन होते

बाशी काबासो गेल्याचं रेडिओवर सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. आम्ही राहत होतो त्या परदेशी खाणगावात, किट्वेत, दुपारी मयताच्या बातम्या लागत, आणि त्या लागल्या की रस्त्यावरचा माणूससुद्धा सायकल थांबवून उभा राही. "वुसाकिले वस्तीतले बाशी काबासो, बाना काबासो यांचे यजमान, आज सकाळी वारले. मोपोरोकोसोच्या नातलगांनी लगेच निघावं."

माझे हात तसेच परातीत राहिले. आदल्याच दिवशी तो माणूस आमच्या कुंपणापाशी उभा राहून माझ्या यजमानांना सायकलच्या चेनला कुठलं तेल घालावं ते समजावत होता.

मग रस्त्यावर एकदम आरडाओरडा झाला. पलीकडच्या घरात नुकतीच राहायला आलेली नर्स ऊर बडवत बाहेर आली. "आमचा हसवणारा गेला! अगं बाई, आमचा हसवणारा गेला!"

मी दारात आले आणि हबकूनच गेले. हसवणारा? बाशी काबासो, म्हणजे आमच्या शेजारचा लाझारो चिसांगा? खाणीत लाकडाचे धीरे बसवणारा, कामावरून आला की अंगणात पाय पसरून गप्प बसणारा तो माणूस उभ्या जन्मात कुणाला हसवायला गेला नव्हता. हसवायची ती त्याची बायको फेलिस्ता. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवा रे, म्हटलं, ही सगळी माणसं भलत्याच माणसासाठी रडतायत!

हे कसं झालं ते कळायला आधी फेलिस्ताचं सांगायला हवं.

फेलिस्ता कापोत्वे मोपोरोकोसोकडची, बेंबा जमातीची. लहानपणीच मामाकडे किट्वेला आली, इथेच लग्न झालं, आणि मुलगी झाल्यावर सगळ्यांसारखी तीही मुलीच्या नावानं ओळखली जाऊ लागली. काबासोची आई, म्हणून बाना काबासो. तिचा नवरा बाशी काबासो, म्हणजे काबासोचे बाबा. मला तिथे नवल वाटायचं कारणच नव्हतं. माझ्या आईनंही जन्मभर माझ्या वडिलांना नावानं हाक मारली नाही. वस्तीत मलाही सगळे बाना सुहास म्हणत, आणि माझे यजमान शाळेत गणित शिकवत असले तरी बाशी सुहासच होते.

फेलिस्ताचं हे हसवायचं अंग मला पहिल्यांदा दिसलं ते एका न्गोनी बाईच्या मयताला. बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींचं थट्टेचं नातं. एकमेकांचे आजे-पणजे लढले आणि मग त्यांनी आपसांत हसायचं ठरवलं, असं म्हणतात. न्गोनींच्या घरी मयत झालं की बेंबांनी जाऊन टवाळी करायची, आणि बेंबांच्या घरी न्गोनींनी. करायलाच हवी, नाही केली तर घरचे रुसतात. बेंबांनी न्गोनींना उंदीरखाऊ म्हणायचं आणि न्गोनींनी बेंबांना माकडखाऊ. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पदर डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसले होते, आणि फेलिस्ता आत आली ती मेलेल्या बाईचाच रुमाल डोक्याला बांधून. तिच्याच आवाजात, तिच्याचसारखी कंबरेवर हात ठेवून लागली ओरडायला, "काय गं, माझं पीठ संपवलंत ना सगळ्यांनी? मी काय उगाच मेले? तुम्हाला खायला घालून घालून मेले!" माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आपल्याकडे मयताच्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत. पण त्या बाईची मुलगी, सकाळपासून दातखीळ बसल्यासारखी बसलेली, ती खदखदून हसली, आणि हसता हसताच तिला पहिलं रडू फुटलं. तेव्हा मला थोडं समजलं.

पुढे ती करमणुकीच्या हॉलमध्ये लोकांना हसवू लागली, मग रेडिओवर, आणि मग टीव्हीवर. तोवर टीव्हीवरच्या विनोदात बाईचं काम पुरुषच लुगडं, म्हणजे त्यांचं ते चिटेंगे, नेसून करत. घरंदाज बाई तिथे जायची नाही. फेलिस्ता पहिली. लाझारो एवढंच म्हणाला, "जा. पण घरी आल्यावर मक्याच्या पिठाचं उब्वाली तूच थापायचं. पडद्यावरून थापता येत नाही."

त्या वेळी वाक्यं लिहिलेली नसत. गोष्ट तेवढी आधी ठरे, आणि दिवे लागले की जे सुचेल ते थेट बोलायचं. तेच त्याच क्षणी घरोघरी दिसे. खेळातल्या तिच्या नवऱ्याचं काम हेझेकिया शोंगाकडे होतं. गोरटेला, पोट सुटलेला, गोड बोलणारा न्गोनी. पहिल्या दिवशी फेलिस्तानं पानं मांडली, नवऱ्याला जेवायला हाक मारायची वेळ आली आणि तिची बोबडी वळली. काय म्हणणार? नवऱ्याला नाव घेऊन हाक मारायची नाही, आणि नवऱ्यासाठी तिच्या तोंडाला एकच शब्द ठाऊक.

"बाशी काबासो," ती म्हणाली, "हात धुवा."

शोंगा चपापला. पण तो मुरलेला नट. "धुतो," म्हणाला, "पण आधी सांग, काबासो कुठे आहे? मला मुलगी आहे हे आजच कळतंय." सगळा देश हसला.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती धावतच. "बाना सुहास, मी काय करून बसले! नवऱ्याचं नाव दुसऱ्याला दिलं."

"अगं, खेळातलं ते. लाझारो काय म्हणतो?"

"हसतो. म्हणतो, बरं झालं, आता उधारीवाले त्याच्याकडे जातील."

पण नाव चिकटलं. शुक्रवार आला की ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या खिडकीला माणसं लोंबकळत, आणि शोंगा दिसला की पोरं ओरडत, "बाशी काबासो! बाशी काबासो!" तिनं एकदा दुसरं नाव लावून पाहिलं. प्रेक्षकांना ते रुचलं नाही, आणि तिच्याही तोंडात बसेना. वर्षं गेली. ती बाजारात निघाली की भाजीवाल्या वाट अडवत, "बाना काबासो, काल त्याला लाटण्यानं का मारलं नाहीस?" लाझारो मागून पिशवी घेऊन चाले. एकदा दारूच्या गुत्त्यात त्यानं आपली ओळख सांगितली तर लोक उखडले. "तू कसला बाशी काबासो! खराखुरा आम्ही दर शुक्रवारी बघतो. त्याचं नाव लावून फुकट प्यायला आलास?" हे त्यानं स्वतःच आम्हाला हसत हसत सांगितलं. मात्र त्या गुत्त्यात तो परत गेला नाही.

आणि बातमी लागली त्या सकाळी लाझारो पाळीवर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला तो तसाच खाली बसला. उठलाच नाही.

मी हात धुतले आणि कुंपण ओलांडून गेले. घरातलं सामान बाहेर काढलं होतं, आत बायका जमिनीवर, त्यांच्यातच काबासो. मधे चटईवर फेलिस्ता, डोक्यावरून चिटेंगे ओढून. विधवेनं बोलायचं नाही, माती होईपर्यंत नाही आणि त्यानंतर नवऱ्याची माणसं मनगटाला पांढरे मणी बांधीपर्यंत नाही. मणी बांधले म्हणजे त्याच्या माणसांनी तिला मोकळं केलं. नाही बांधले तर मेलेला तिच्या पाठीवर बसलेला. मग तिच्या हातचं कुणी खात नाही, तिला कुणी उंबऱ्यात घेत नाही, तिच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. टीव्ही तर लांबच. मी तिच्याशेजारी बसून मनातल्या मनात नामस्मरण करत राहिले. दुसरं काय येतं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर जत्रेएवढी माणसं झाली. चिमवेमवेहून, बुचीहून, न्डोलाहून. कुणी पीठ आणलेलं, कुणी लाकडं. बायका धुळीत लोळत होत्या. "आता शुक्रवारी आम्ही कुणाला बघायचं!" त्याच सुमाराला मोपोरोकोसोचा ट्रक आला. त्यातून लाझारोची थोरली बहीण उतरली. जुळ्यांची आई, म्हणून तिला नाम्पुंदू म्हणत. खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. बरोबर त्यांचा म्हातारा मामा काटोंगो. त्यांच्यात मामाचा शब्द शेवटचा. नाम्पुंदूनं ती गर्दी पाहिली आणि तिचा चेहराच उजळला. "मामा, बघा! आपल्या लाझारोला केवढी माणसं! गावात आपण म्हणत होतो, तो मुका आहे, त्याला कोण विचारणार!"

मला तिच्याकडे बघवेना. कुणीतरी सांगायला हवं होतं.

सांगायची गरज पडली नाही. फाटकातून हेझेकिया शोंगा आत आला, काळा कोट, हातात टोपी.

पहिली एक बाई किंचाळली. मग सगळ्याच. माणसं गटारात पडली, कुंपणावरून उड्या मारून पळाली, पलीकडची नर्स जागच्या जागी बेशुद्ध. शोंगा दोन्ही हात वर करून ओरडत होता, "मी आहे! जिवंत आहे! माझ्या आईनंसुद्धा तिकडे गावी, चिपाटात, रडायला सुरुवात केली, तिला तार करून आलोय! हात लावून बघा!" एकानं खरंच हात लावून पाहिला. मग हशा उसळला. सुटकेचा हशा. माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. "जिवंत आहे! मग मेला कोण?"

"खाणीतला कुणीतरी."

"हात्तिच्या!"

आणि गर्दी निघून गेली. खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांदेखत अंगण रिकामं झालं. एका बाईनं आणलेली पिठाची पिशवीसुद्धा परत उचलली. उरली ती वस्तीतली, खाणीतली, लाझारोची अशी मूठभर माणसं.

नाम्पुंदू अंगणात खांबासारखी उभी. खाणीतल्या कुणीतरी तिला टीव्हीचं आणि नावाचं सगळं सांगितलं. मग ती आत आली आणि चटईपुढे उभी राहिली.

"ऐक, बाना काबासो. माझ्या भावाला गावात घर नव्हतं, शेत नव्हतं. एक नाव होतं, पोरीचा बाप म्हणून मिळालेलं. ते तू न्गोनीला दिलंस. आज त्याच्या वाटचं रडणंसुद्धा त्या न्गोनीकडे गेलं. मणी मी बांधणार नाही. बस अशीच."

"नाम्पुंदू..." मामा काटोंगो दारातून म्हणाले.

"मामा, बोलू नका. नाव परत कसं देतात ते आधी सांगा. मग मी मणी बांधते."

मामांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. चिटेंग्याखाली फेलिस्ताचे खांदे दगडासारखे झाले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ थंडगार.

एवढ्यात शोंगा आत आला आणि लाझारोच्या शवपेटीपाशी मटकन खाली बसला. तो न्गोनी, हे घर बेंबांचं. त्यानं आत येतानाच मेलेल्याची चेष्टा करायला हवी होती, त्याची टोपी मागायला हवी होती, रडणाऱ्यांना हुसकायला हवं होतं. आणि हा माणूस, ज्यानं अख्ख्या देशाला हसवलं, तो तोंड झाकून रडायला लागला. हुंदके देऊन, घरच्या माणसासारखा.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. थट्टेतला माणूस रडतो म्हणजे काय? कुणीतरी कुजबुजलंच, "म्हणजे हिचं आणि त्याचं खरंच काहीतरी होतं." नाम्पुंदूनं ते ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की मी डोळेच मिटले. रामा, म्हटलं, आता ही बाई संपली.

आणि चटईवरून आवाज आला.

"ए उंदीरखाऊ! रडतोस काय? चोरी करून वर चोरच रडतो होय रे? माझ्या घरातलं नाव उचललंस ते आधी खाली ठेव!"

विधवा बोलली. माती व्हायच्या आधी, नवरा शेजारी पेटीत असताना. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. नाम्पुंदूचं तोंड उघडलं, पण मामांनी हात वर केला. "थांब."

शोंगानं तोंडावरचे हात काढले. चिटेंग्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं ती वाक्य टाकायची आणि तो झेलायचा. पण त्या दिवशी झेलायला त्याला किती वेळ लागला! मला वाटलं, आता नाहीच. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"कुठलं नाव? हे होय? हे तर मला रस्त्यात सापडलं."

"रस्त्यात? माझ्या चुलीपाशी ठेवलं होतं!"

"माकडखाऊंच्या चुलीपाशी मी कशाला हात घालू? हाताला शेपूट लागायची." बाहेर शेकोटीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. शोंगा उठून उभा राहिला. "आणि सापडलं तेव्हा ते काय होतं? चुरगळलेलं, खाणीच्या धुळीनं काळं. मी धुतलं, इस्त्री केली, देशभर फिरवून आणलं. आता असं फुकट देऊ?"

"फुकट!" हा आवाज नाम्पुंदूचा. ती स्वतःच दचकली. पण न्गोनीनं तोंड उघडलं की बेंबाला गप्प राहवत नाही, ते रक्तातच असतं. "अरे, तुझा पणजा आमच्यापुढून पळाला तेव्हा ढुंगणाला लावलेली ढाल टाकून गेला! तिची राखण करतोय आम्ही इतकी वर्षं. त्याचे पैसे आधी काढ!"

"ती ढाल नव्हती, आजीबाई. उंदीर भाजायचा तवा होता."

"तरीच! तरीच तिला अजून वास येतो!"

शेकोटीपाशी हशाचा स्फोट झाला. बायका चिटेंग्यात तोंडं खुपसून हलत होत्या. मी काय सांगू, मीही हसले, आणि हसले म्हणून मलाच धक्का बसला.

मामा काटोंगो काठी टेकत पुढे आले. आता त्यांचा आवाज पंचाचा होता. "न्गोनी चोरणार, ही रीतच आहे. मयताच्या घरातलं काहीतरी उचलून ठेवायचं आणि दंड मिळाल्याशिवाय परत करायचं नाही. खड्डा खणायची पहार पळवतात, पेटीवर बसतात. यानं नाव पळवलं. बोल चोरा, दंड काय?"

"एक भाजलेलं माकड."

"माकड घरच्यांना पुरत नाही," नाम्पुंदू म्हणाली. तिनं गावाहून आणलेलं गाठोडं सोडलं आणि त्यातून मूठभर वाळवलेल्या अळ्या काढल्या. बेंबांना त्या जीव की प्राण, आणि शोंगाला बघूनच शिसारी. टीव्हीवर या अळ्यांवरून त्याची किती भांडणं झाली असतील. "हा घे दंड. इथेच खा. सगळ्यांसमोर. चावून!"

त्यानं खाल्ल्या. एकेक करून, डोळे फिरवत, छातीवर क्रूस करत. शेवटची गिळल्यावर त्यानं हातातली टोपी खाली ठेवली आणि पेटीपाशी गेला. तेव्हा मात्र त्याला नाटक जमलं नाही.

"बाशी काबासो," तो लाझारोला म्हणाला, "तुमचं तुमच्यापाशी."

घरात कुणीच हसलं नाही. नाम्पुंदूनं तोंड फिरवलं.

माती झाली. परत आल्यावर एका म्हातारीनं उकरून काढलंच. "पण ती चटईवर बोलली त्याचं काय?"

मामा म्हणाले, "ती चोराला बोलली. घरात चोर शिरला तर चटईवरची बाईसुद्धा ओरडते. पुढे?"

सगळे नाम्पुंदूकडे बघत होते. तिनं पिठात हात बुडवले, फेलिस्ताच्या कपाळाला पांढरं लावलं, आणि थांबली. कंबरेच्या गाठीतून मण्यांची माळ काढली. तिची बोटं जाड, दोऱ्याची गाठ बसेना. दोनदा सुटली. फेलिस्ता मनगट पुढे करून बसली होती, ते हळूहळू हलायला लागलं. मग सगळं अंगच हलायला लागलं, आणि ती रडली. इतका वेळ ती रडलीच नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"हलू नकोस गं," नाम्पुंदू म्हणाली. "गाठ बसू दे."

गाठ बसली. उरलेला दोरा तोडता तोडता नाम्पुंदू म्हणाली, "ते काम सोडणार आहेस का?"

"तुम्ही म्हणाल तसं, वन्सं."

"मी काय म्हणणार? मणी बांधले, आता तू तुझी. पण त्या माणसाला काय म्हणशील?"

फेलिस्तानं डोळे पुसले. "उंदीरखाऊ म्हणेन."

"हं," नाम्पुंदू म्हणाली. "ते शोभतं त्याला."

महिना उलटल्यावर फेलिस्ता परत टीव्हीवर गेली. शोंगा आता तिचा नवरा नव्हता, शेजारचा न्गोनी होता, विधवेच्या घरी रोज काहीतरी चोरायला येणारा. अंगावर मणी असताना बाई पडद्यावर हसवते, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोकांनी नावं ठेवली आणि खिडक्यांना पूर्वीपेक्षा जास्त लोंबकळले. त्या पहिल्या शुक्रवारी नाम्पुंदू आमच्याकडे होती. तिनं जन्मात टीव्ही पाहिला नव्हता. खुर्ची दिली तर बसली नाही, टीव्हीपुढे जमिनीवर फतकल मारून बसली. दिवे लागले, फेलिस्ता दिसली. नाम्पुंदू गुडघ्यांवर पुढे सरकली, काचेला नाक लागेल इतकी, आणि तिनं फेलिस्ताच्या मनगटावर बोट ठेवलं.

"दिसतायत," ती म्हणाली. "बाना सुहास, आवाज वाढव."